हळदीकुंकू लागलेले व्हॉल्व्ह

मेंढरू विकत घ्यायचं तर तीन गोष्टी बघायच्या, असं डॉक्टर लेंगऱ्यांचा आजा सांगायचा. दात बघायचे. पाठीच्या कण्यावरनं हात फिरवायचा. आणि घटकाभर गप उभं राहून ते खोकतंय का ऐकायचं. मालक काय सांगतो तिकडं ध्यान द्यायचं न्हाई, कारण बाजाराला आणायच्या आधी त्यानं ते धुतलेलं असतं.

हा आजा आटपाडीच्या बाजारातला. नातू शिकला, छातीचा डॉक्टर झाला, इंग्लंडात आला आणि आता कॉव्हेंट्रीत रिटायर होऊन बसलाय. पण दुसऱ्यानं वापरलेला जिन्नस पारखायची खोड गेली न्हाई. इथं घरात मेंढरं पाळता येत न्हाईत म्हणून गडी व्हॉल्व्ह घेतो.

व्हॉल्व्ह म्हंजे काचेची बंद बाटली. कुठली अंगठ्याएवढी, कुठली वांग्याएवढी. आतली हवा काढून घेतलेली, मधी पत्र्याची पानं आणि तारा, बुडाला पिना. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओत हेच असायचे. बटण दाबलं की आत निखाऱ्यागत तांबडं व्हायचं आणि मिनिटाभरानं रेडिओ बोलायला लागायचा. डॉक्टरांच्याकडं असल्या व्हॉल्व्हचा एक जुना इंग्लिश अँप्लिफायर हाय. लोखंडी, म्हशीच्या डोक्याएवढा जड. त्याच्यावर ते भजनं ऐकतात. नवे व्हॉल्व्ह बी मिळत्यात, पण ह्या नादातली माणसं जुनेच हुडकतात. जुन्याचा आवाज गोड असतो म्हणे. मला तो फरक कधी कळला न्हाई. मी आपला चहाला जायचो.

मी त्यांच्याच हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डवर नर्स होतो. मी विट्याचा, ते आटपाडीचे. पहिल्या दिवशी माझ्या तोंडातनं 'लई' ऐकलं आणि हा कन्सल्टंट राऊंड सोडून मला गाव विचारत बसला. मागं पाच-सहा गोरी पोरं वह्या धरून उभी. तवापासनं आमचं सूत जमलं ते रिटायर झालो तरी तुटलं न्हाई.

माणूस उंच, हडकुळा, डोक्याला केस औषधापुरते. दिसंल त्या वस्तूवर बोट वाजवून बघायची सवय. डाव्या हाताचं बोट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्याच्यावर टकटक. पेशंटची छाती तशीच, सुपरमार्केटातलं कलिंगड तसंच, खिळा ठोकायची भिंत तशीच. एकदा एका लग्नात शेजारच्या पाहुण्याची बंद सुटकेस वाजवून "अर्धी रिकामी हाय" म्हणाले आणि पाहुणा दिवसभर त्यांच्यापासनं लांब बसला.

रिटायर झाल्यावर बी दर बुधवारी ते हॉस्पिटलात जायचे. पगार न्हाई, काय न्हाई. मेडिकलच्या पोरांना छाती ऐकायला शिकवायचे. फुप्फुसाच्या तळाला एक बारीक करकर येते, ती ऐकू आली की डॉक्टरला निम्मा आजार कळतो. ती कशी असते हे सांगताना ते पोरांना म्हणायचे, "कानाजवळचे चार केस चिमटीत धरा आणि चोळा. तो आवाज." मग स्वतःच्या टकलावरनं हात फिरवून म्हणायचे, "माझ्याकडचं साहित्य संपलं. तुमच्याकडं हाय तवर शिकून घ्या." पोरं हसायची. दर वर्षाला तोच विनोद, दर वर्षाला नवी पोरं.

तर ह्या वसंतात काय झालं, भजनातले टाळ गेले.

म्हंजे मी चहाला गेलो तर डॉक्टर अँप्लिफायरपुढं वाकून बसलेले. म्हणाले, "सतीश, ऐक. पखवाज हाय?"

"हाय."

"पेटी हाय?"

"हाय."

"मग टाळ कुठं गेलं मर्दा? चाळीस माणसं टाळ कुटत्यात ह्या भजनात. सगळी रजेवर गेली का काय?"

मी ऐकलं. टाळ वाजत होते. मला वाटलं ते दुसऱ्याच कुठल्या तरी टाळाबद्दल बोलतायत, म्हणून मी गप बसलो. तेवढ्यात उल्कावैनी चहा घेऊन आल्या. त्या पुण्याच्या, हॉस्पिटलच्या फार्मसीत आयुष्य गेलं. त्यांना गप बसणं जमत न्हाई.

"अहो, टाळ आहेत. तुमचा कान गेलाय."

"व्हॉल्व्ह गेलेत."

"व्हॉल्व्ह गेलेत! आणि वरचा स्मोक अलार्म? त्याची बॅटरी संपली, तो आठवडाभर चिवचिव करत होता, मी वेडी व्हायची राहिले. हे आपले खाली बसून म्हणतायत, आज घर किती शांत आहे."

"बारीक आवाज हुता."

"मायक्रोवेव्ह? डोअरबेल? सतीश, मी ऑडिओलॉजीची अपॉइंटमेंट घेऊ म्हटलं तर हे ऐकतच नाहीत."

"ऐकू येतच न्हाई म्हण की मग," डॉक्टर म्हणाले आणि आपल्याच बोलण्याला हसले. पण त्या हसण्यात दम नव्हता.

लेक शाल्मलीनं बी फोनवर सांगून बघितलं. ती हितंच जन्मलेली. म्हणाली, "बाबा, तुझी कान खराब झाली आहे. जस्ट गेट इट चेक्ड." डॉक्टर म्हणाले, "आधी माझा कान बाप्या कर, मग खराब कर." फोन ठेवून दिला.

आता ह्यात खरं काय अडलं होतं ते सांगतो, न्हाईतर वाटंल म्हाताऱ्यांची नुसती खेकटी हायत. छातीच्या डॉक्टरचा कान गेला तर बुधवार गेला. ज्याला बारीक आवाज ऐकू येत न्हाई त्यानं पोरांना बारीक आवाज कसा शिकवायचा? हे त्यांना कळत होतं, वैनींना कळत होतं, मला कळत होतं. म्हणून कुणी बुधवारचा शब्द काढत नव्हतं. सगळे व्हॉल्व्हवर बोलत होते.

शेवटाला त्यांनीच तोड काढली. "व्हॉल्व्हचा चांगला जोड मिळू दे. जोड चांगला असून बी टाळ ऐकू आलं न्हाईत, तर मी सोता जातो कान दाखवायला. आणि बुधवार बी सोडतो. पण आधी व्हॉल्व्ह."

"प्रॉमिस?" वैनी म्हणाल्या.

"लेंगऱ्याचा शबूद."

तिथनं पुढं उन्हाळाभर आम्ही व्हॉल्व्ह हुडकत फिरलो. रविवारी सकाळी मैदानात गाड्या उभ्या करून लोक डिकीत घरातलं जुनं सामान मांडतात, त्याला हितं कार बूट सेल म्हणतात. आमच्या आठवडी बाजारागतच, फक्त ओरडाआरडा न्हाई. तिथं एका म्हाताऱ्याकडं बुटाच्या खोक्यात, पेपरात गुंडाळून ठेवलेले व्हॉल्व्ह मिळाले. म्हातारा म्हणाला, "सगळे चालू आहेत, परवापर्यंत घरात वाजत होते." डॉक्टरांनी माझ्याकडं बघून हळूच डोळा मारला. मेंढरू धुतलंय.

एक बाटली उन्हाला धरून मला म्हणाले, "वरच्या टोकाला आतनं चांदीगत दिसतंय? ती चकचकीत पायजे. म्हंजे आत हवा शिरली न्हाई. ती जर दुधागत पांढरी झाली तर मेला म्हणायचं."

"ह्याची कड तपकिरी हाय की."

"लई राबलाय तो."

"मग नको?"

"तसं न्हाई. काही कारखान्यांचा माल मुळातच तसा यायचा."

"मग हा चकचकीत घ्या."

"चकचकीत असून बी आतनं थकलेला असतोय."

"मग चांदी बघायची कशाला?"

"चांदी बघून मेलेला कळतोय. जित्यात जीव किती राहिलाय ते न्हाई कळत."

मी डोकं खाजवलं. मग त्यांनी पिना बघितल्या, वाकल्यात का गंजल्यात. आतली पानं बघितली, कुठं भाजल्यागत काळी झाल्यात का. काही काळी होती. मी म्हणालो, ही टाका. ते म्हणाले, ह्या जातीची पानं काळीच असतात. एकाच्या काचेवर नाव ठळक होतं, दुसऱ्याचं पुसट. मी म्हणालो, ठळक नावाचा कमी वापरलेला असणार. ते म्हणाले, ही अक्षरं नुसत्या अंगठ्यानं बी पुसली जातात, वापराशी त्यांचा संबंध न्हाई, म्हणून हात लावू नको. मी हात मागं घेतला. आजाची मेंढरं बरी होती. निदान त्यांना दात होते.

अशी दोन-तीन खोकी जमली. आतल्या बाटल्या एकसारख्या दिसणाऱ्या, पण जात निराळी. अंगठ्याएवढ्या बाटल्यांत तीन जाती, आणि तिन्ही जुळ्या भावांगत. कुठला कोण ते नुसतं काचेवरच्या अक्षरावरनं कळायचं.

नॉटिंगहॅमला डेरेक म्हणून एक गोरा म्हातारा हाय, त्याच्याकडं व्हॉल्व्ह तपासायचं जुनं यंत्र हाय. घरामागच्या शेडमधी बसतो. आम्ही खोकी घेऊन गेलो. यंत्र म्हंजे सुटकेसएवढी पेटी, वर खुंट्या आणि एक काटा. व्हॉल्व्ह खोचायचा, खुंट्या त्याच्या जातीप्रमाणं फिरवायच्या, तापू द्यायचा, मग काटा हिरव्यात गेला तर जीव हाय, तांबड्यात राहिला तर गेला. डेरेकच्या दोन्ही कानांत मशीन. डॉक्टर त्याच्याशी उगाच मोठ्यानं बोलत होते.

दोन सोडून सगळ्यांचा काटा हिरव्यात गेला. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. सगळे चांगले निघाले तर पंचाईतच की.

"म्हंजे हे सगळे चांगले?" डॉक्टरांनी विचारलं.

डेरेक म्हणाला, "जिवंत आहेत. चांगले आहेत असं मी म्हटलं नाही. यंत्रावर सरळ चालणारा अँप्लिफायरमध्ये गेला की कुरकुरतो, गुणगुणतो, शिट्ट्या मारतो. ते काटा दाखवत नाही. ते घरी कानानं ऐकायचं."

"तुम्ही ऐकून सांगा ना."

डेरेकनं कानातल्या मशीनवर बोट ठेवलं. "मी ऐकायचं सोडलं. म्हणून तर काटा बघतो."

परत येताना गाडीत डॉक्टर म्हणाले, "बिचारा. व्हॉल्व्हचा माणूस आणि कान न्हाईत." मी रस्त्याकडं बघत गाडी चालवली.

घरी आल्यावर त्यांनी दोन ट्रे केले. ज्यांच्यावर भरवसा बसला ते एका ट्रेत, ज्यांचा संशय ते दुसऱ्यात. दसरा झाला की एकेक लावून ऐकायचं ठरलं. त्याच्या पुढच्या बुधवारी पोरांची नवी बॅच येणार होती, त्याच्या आत निकाल लागायला पायजे होता.

आणि मधी आली खंडेनवमी.

लेंगऱ्यांच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. गावाकडं कातर, कुऱ्हाड, विळा, धनगराची काठी. हितं काय? स्टेथोस्कोप, ड्रिल मशीन, वैनींची शिलाई मशीन, किचनमधल्या सुऱ्या, लॉन कापायचं यंत्र. वैनी पुण्याच्या, त्यांच्या माहेरी असलं मोठं नव्हतं. पण सासऱ्यांनी लग्नात एकच गोष्ट मागितली होती, की कुठं बी ऱ्हावा, हत्यारं पुजत जावा. ती त्यांनी कधी चुकवली न्हाई. आणि त्यांचं काम फार्मसीवाल्याचं, म्हंजे स्वच्छ. पुजायचं ते आधी धुवायचं.

डॉक्टर सकाळी दाढेच्या डॉक्टरकडं गेले होते. वैनींनी विचार केला, सध्या ह्यांचं हत्यार कुठलं? वर्षभर हातात स्टेथोस्कोप कमी आणि बाटल्याच जास्त. मग दोन्ही ट्रे उचलले. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून एकेक बाटली मऊ कापडानं धुतली. टी टॉवेलवर वाळवली. परातीत गोल मांडली, प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, मधी झेंडूचं फूल ठेवलं.

डॉक्टर अर्धं तोंड बधिर घेऊन घरात आले आणि मला फोन केला. "शतीश, ये. उल्कानं शगळ्यांना आंगोळ घाटली."

मी गेलो तर परात देवापुढं लखलखत होती. असली सुंदर पूजा मी बघितली न्हाई. आणि एका बी काचेवर एक बी अक्षर राहिलेलं नव्हतं. चांगला कुठला, संशयाचा कुठला, जात कुठली, सगळं लिक्विडबरोबर सिंकमधनं गेलं होतं. नुसती कुंकवाची बोटं.

"मला काय माहीत, अक्षरं अशी निघतात?" वैनी रडकुंडीला आल्या होत्या. "औषधाच्या बाटलीचं लेबल कधी असं निघतं का?"

परातीपुढं बसून डॉक्टरांनी एक बाटली उचलली, उजेडाला धरली, खाली ठेवली. मग हात जोडून नमस्कार केला. पूजेला तर नमस्कार करायला पायजे.

डेरेककडं परत न्यावं तर जात कळल्याशिवाय त्याच्या खुंट्या फिरवता येत न्हाईत, आणि तो बी स्पेनला लेकाकडं गेलेला. मग राहिला एकच मार्ग. अँप्लिफायरला लावायचं आणि ऐकायचं.

दसऱ्याला मी जेवायला गेलो. आमची मंडळी ग्लासगोला लेकीकडं होती. श्रीखंड-पुरी झाली आणि दुपारी आम्ही तिघं अँप्लिफायरपुढं बसलो. अँप्लिफायरची पुढची एक लहान बाटली काढायची, परातीतली एक लावायची, चालू करायचं, तापायची वाट बघायची, आधी नुसती शांतता ऐकायची, मग भजन. बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, दुसरी. पिनांच्या फटीत राहिलेली हळद तापायची आणि खोलीभर लोणच्याच्या फोडणीचा वास सुटायचा.

"घुंऽ करतोय," डॉक्टर म्हणायचे. "नको."

मला बी ती घुंऽ ऐकू यायची. दुसरा लावला. त्याची बी घुंऽ. तिसऱ्याचा आवाजच अर्धा. ही जात निराळी असणार. चौथा मला बरा वाटला, टाळ बी छान वाजत होते. डॉक्टर म्हणाले, "टाळ न्हाईत. नको." वैनींनी माझ्याकडं बघितलं. काढलेल्या बाटल्या ते परातीतच एका बाजूला सरकवत होते, आणि वैनी श्रीखंडाच्या वाट्या फिरवताना परात हलवत होत्या. कुठली झाली, कुठली राहिली, मला तर काय कळंना झालं.

मग एक बाटली लागली आणि तापल्यावर डॉक्टर ताठ झाले.

"हा!" म्हणाले. "हा बघ. घुंऽ न्हाई, काय न्हाई. मागं एकदम गप. असला पायजे व्हॉल्व्ह. सतीश, ऐक ही शांतता."

मी ऐकत होतो. स्पीकरातनं चरचर येत होती. तव्यावर पाण्याचा शिपका मारल्यावर येते तशी, आणि थांबतच नव्हती. मला पहिल्यांदा वाटलं, ह्या नादातली माणसं जुन्या गोड आवाजात ही चरचर बी धरत असतील. एवढा शिकलेला माणूस बेंबीच्या देठापासनं शांतता शांतता म्हणतोय म्हंजे आपलंच काय तरी चुकत असंल. मी वैनींकडं बघितलं. त्यांचा चमचा वाटीत तसाच उभा.

डॉक्टर खुशीत होते. "आता शेवटची परीक्षा," म्हणाले. पेन्सिल उलटी धरली, आणि मागच्या रबराच्या टोकानं चालू व्हॉल्व्हच्या काचेवर हळूच टिचकी मारली. छातीवर बोट वाजवायचे तसंच. चांगला व्हॉल्व्ह असंल तर नुसती टक येते. पेन्सिलीची टक आली. आणि तिच्या मागं स्पीकरातनं बारीक, कानात सुई घुसल्यागत एक किंकाळी निघाली आणि वाजतच राहिली. वैनी दचकल्या, वाटी मांडीवर उलटी झाली. मी बी खुर्चीतनं उठलो.

डॉक्टर हसत होते. "ऐकलं? टक. एकदम कोरडी." मग त्यांनी आमच्याकडं बघितलं.

हसू गेलं.

"काय झालं?"

"काय न्हाई," मी म्हणालो.

"सतीश. पेशंटला वाईट बातमी सांगायच्या आधी तुझं तोंड असंच व्हायचं. मी राऊंडला लांबनं बघून ओळखायचो. बोल."

"चरचर हाय."

"कशी?"

"तव्यावर पाणी मारल्यावर व्हती तशी. आणि टिचकीनंतर किंचाळला."

"कवापासनं?"

"लावल्यापासनं." मग मला त्यांची दया आली आणि मी म्हणालो, "हळद गेली असंल पिनांत. तिची बी चरचर असू शकती की."

ह्यात खोटं काय नव्हतं. आजपर्यंत मला ठाऊक न्हाई, ती चरचर व्हॉल्व्हची होती का हळदीची. पण प्रश्न तो नव्हताच. डॉक्टरांनी अँप्लिफायर बंद केला. "आता?"

"आता गप."

"मला दोन्ही सारखंच," ते म्हणाले.

वैनी मांडीवरचं श्रीखंड पुसत होत्या, उगाच, पुसून झालं तरी. मग डॉक्टर म्हणाले, "उल्का, इकडं ये."

"आता काय आणि?"

"ये तर."

त्या जवळ गेल्या. डॉक्टरांनी त्यांच्या कानावरची केसांची एक बट चिमटीत धरली, आपला कान तिच्याजवळ नेला आणि चोळली. डोळे मिटून चोळली. मग मान फिरवून दुसरा कान नेला. आयुष्यभर पोरांना शिकवलेली गोष्ट, आणि वसंतापासनं एकदा बी करून बघितली नव्हती. साहित्य संपलं म्हणायचे, पण साहित्य रोज समोर बसून चहा पीत होतं.

"केसाला तेल लावलंयस?"

"नाही हो. सकाळी शॅम्पू केलाय."

"मग वाजायला पायजे हुतं."

त्यांनी बट सोडली आणि वैनींच्या कानामागं नीट बसवली. मग परातीकडं बघून म्हणाले, "म्हंजे मघाशी मी टाळ न्हाईत म्हणून टाकले त्यांतले काही चांगले हुते."

"चौथा चांगला होता," मी म्हणालो.

"चौथा कुठला?"

आम्ही तिघांनी परातीत बघितलं. सगळ्या बाटल्या कुंकू लावून सारख्याच बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला, माझ्यासमोर. हॉस्पिटलच्या टीचिंग ऑफिसात एक बाई असते, तिला सांगितलं, बुधवारी मी येणार न्हाई, पुढं बी येणार न्हाई. तिनं काळजीनं कारण विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मला फुप्फुसाचा तळ ऐकू येत नाही." बाईला ते कळलं न्हाई, तिनं 'सॉरी?' म्हणून परत विचारलं, त्यांनी तेच परत सांगितलं. मग म्हणाले, "गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये एक लाल केसांची मुलगी होती. एका पेशंटची छाती मी साफ आहे म्हटलं, ती म्हणाली करकर आहे. मी म्हटलं तुझा स्टेथोस्कोप शर्टाला घासला. तिला निरोप द्या, तिचं बरोबर असणार." तिचं नाव त्यांना आठवलं न्हाई. बाई म्हणाली, लाल केसांच्या तीन आहेत. डॉक्टर म्हणाले, "तिघींना द्या."

कानाची मशीन आली तवा थंडी पडली होती. दोन्ही कानांत बारकी, शेंगदाण्याएवढी. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी घर डोक्यावर घेतलं. फ्रिज किती ओरडतो, वर्तमानपत्र किती वाजतं, उल्का तू चहा असा फुरकतेस आणि मला कुणी सांगितलं न्हाई. वैनी म्हणाल्या, "मशीन परत द्या बाई ह्यांची." पण भजन लावलं आणि टाळ आले. चाळीसच्या चाळीस. ते खुर्चीत पुढं सरकून बसले आणि पुरं भजन होईपर्यंत बोट सुद्धा वाजवलं न्हाई.

मला वाटलं, सुटलो. ह्याच्यापुढं बाजार नको, खोकी नकोत. तर बुधवारी सकाळीच फोन. बुधवार आता त्यांना मोकळा. गेलो तर परात परत अँप्लिफायरपुढं.

"नवी पंचाईत झालीया," डॉक्टर म्हणाले. "आता सगळेच व्हॉल्व्ह चरचरतात."

"सगळे?"

"सगळे. आणि अँप्लिफायर बंद केला तरी चरचरतात. मशीनला सोताची चरचर हाय. डेरेकला फोन केला, तो म्हणतो, मी म्हणून तर काटा बघतो. आता मला सांग, ह्यात हाय ते व्हॉल्व्हचं किती आणि माझ्या कानातलं किती, कसं कळायचं?"

"मग?"

"मग तुम्ही दोघं. मी लावतो, तुम्ही ऐका. चरचर असंल तर हात वर करायचा. बोलायचं न्हाई, एकमेकाकडं बघायचं न्हाई."

आम्हाला दोन खुर्च्यांवर बसवलं, शाळेतल्या पोरांगत. त्यांनी पहिली बाटली लावली. तापली. माझ्या कानाला शांत होती, एकदम स्वच्छ. घुंऽ न्हाई, काय न्हाई. मी हात मांडीवर ठेवून आरामात बसलो. म्हणालो मनात, सापडला एकदाचा.

शेजारी उल्कावैनींनी हात वर केला.

मी कान टवकारला. श्वास धरला. खोलीत मला फक्त फ्रिज ऐकू येत होता. वैनींचा हात वरच. खोटाच हात वर करतील अशा त्या बाई न्हाईत.

मी बी हळूच हात वर केला.

"दोघांना?" डॉक्टर म्हणाले. "कशी हाय रे सतीश चरचर?"

"हाय," मी म्हणालो. "थोडी. तव्यागत."

डॉक्टरांनी अँप्लिफायर बंद केला न्हाई. व्हॉल्व्हकडं बघितलं न्हाई. पेन्सिल बोटांत फिरवत ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.